अडवणं आणि पाळत ठेवणं

सांगलीत एका कॉलेजात मी नेटवर्कची आणि लॅबमधल्या कॉम्प्युटरची कामं बघते. त्यामुळे सोसायटीत, नातेवाइकांत, मुलीच्या शाळेच्या गेटवर एक मागणी माझ्याकडे कायम येते. "पोरांच्या कॉम्प्युटरवर नको त्या साइट उघडतात, तेवढ्या बंद करून द्या." मागणी रास्त आहे. २०२० साली शाळा स्क्रीनवर भरायला लागली तेव्हा ज्या घरांत कॉम्प्युटर यायचा काही विचारही नव्हता, तिथं हप्त्यावर लॅपटॉप आले. पुढं शाळा वर्गात परत गेली. लॅपटॉप घरातच राहिला, आणि बहुतेक ठिकाणी तो हळूहळू बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरून मुलांच्या खोलीत गेला.

या एका मागणीत खरं तर दोन मागण्या असतात आणि मागणाऱ्यालाही बरेचदा त्या वेगळ्या वाटत नाहीत. एक अशी की माझ्या मुलाला वाईट काही दिसू नये. दुसरी अशी की माझं मूल काय बघतं ते मला कळत राहावं. पहिलीला मी लगेच हो म्हणते आणि वेळ काढून जाते. दुसरीला नाही म्हणते. हे 'नाही' माणसांना आवडत नाही, कारण त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी काळजीपोटीच आहेत. काळजी खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण अडवणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं.

आधी अडवण्याबद्दल, कारण तेही लोकांना वाटतं तेवढं सरळ नाही.

घरोघरी साधारण एकच चित्र दिसतं. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप येतो. खातं एकच, बाबांच्या नावाचं किंवा दुकानदारानं टाकलेल्या 'यूजर' अशा नावाचं, आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार. पासवर्ड नसतो; असलाच तर घरातल्या कुणाची तरी जन्मतारीख. अशा मशीनवर तुम्ही काहीही बसवा, चौथीतलं मूल ते काढून टाकू शकतं. म्हणून पहिलं काम साइटचं नसतंच. मुलाचं वेगळं खातं उघडायचं, स्टँडर्ड दर्जाचं, आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्याला नीट पासवर्ड लावायचा. एवढं केलं की निम्मं काम झालं. नवं सॉफ्टवेअर बसवायचं, नेटवर्कची सेटिंग बदलायची, सिस्टिमच्या फायलींत हात घालायचा, या सगळ्याला मग मोठ्यांचा पासवर्ड लागतो. लोक इथंच कंटाळतात. "रोज वेगळं लॉगिन कोण करणार?" असं म्हणतात. पण हे टाळून पुढं जाण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर विंडोजमध्ये आधीपासून असलेली सोय वापरायची, मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी. पैसे पडत नाहीत. मुलाचं मायक्रोसॉफ्टचं खातं आपल्या कुटुंबाच्या गटात जोडलं की अयोग्य साइट आणि सर्च गाळण्याचं बटण मिळतं, बंद करायच्या साइटची यादी देता येते, वेळ ठरवून देता येते. पण तिथली गाळणी चालते ती एज ब्राउझरमध्ये. म्हणून ती लावली की मुलाच्या खात्यावर क्रोम, फायरफॉक्स असे नेहमीचे बाकीचे ब्राउझर अडवले जातात. दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, "ताई, क्रोम बिघडलं." बिघडलेलं नसतं. हे आधी सांगून ठेवलं तर फोन येत नाही.

त्याच सोयीत एक कडक पर्याय आहे, फक्त आपण मान्य केलेल्याच साइट उघडतील असा. नवख्या आईबाबांना तो फार आवडतो. पाच-सहा वर्षांच्या मुलापर्यंत तो ठीक आहे. त्यापुढं तो घरात भांडणं लावतो, कारण आजकाल एक पान एका ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका पत्त्यावरून, चित्रं दुसऱ्या, व्हिडिओ तिसऱ्या. शाळेची साइट तुम्ही यादीत टाकलीत तरी तिच्यावरचा प्रश्नसंच भलत्याच पत्त्यावर ठेवलेला असतो आणि तो उघडत नाही. मूल रडकुंडीला येतं, शाळेचं काम राहतं, आणि शेवटी वैतागून सगळंच बंद केलं जातं.

माझी मुलगी सई सहावीत आहे. तिच्या कॉम्प्युटरवर मी काय करते हे तिला दाखवायचं, असं आमच्या घरी पहिल्यापासून ठरलेलं आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत एका क्रिकेट स्कोअरच्या साइटवर तिला सट्ट्याच्या जाहिराती दिसायला लागल्या. पैसे लावा, पहिल्या डावावर बोनस घ्या, असल्या. ते पत्ते बंद करायचे होते. मी नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं आणि विंडोजच्या पोटात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशा फोल्डरमध्ये असलेली 'होस्ट्स' नावाची फाइल उघडली. ही फार जुनी आणि साधी गोष्ट आहे. निव्वळ मजकुराची फाइल, शेवटी एक्स्टेन्शनसुद्धा नाही. एका ओळीत एक आकड्यांचा पत्ता आणि पुढं एक नाव. कॉम्प्युटर कुठल्याही साइटचा पत्ता बाहेर विचारायच्या आधी या फाइलीत बघतो. इथं सट्ट्याच्या साइटच्या नावामागं ०.०.०.० लिहिलं की विषय संपला.

सई शेजारी स्टुलावर बसून एकेक ओळ बोटानं वाचत होती.

"आई, हे शून्य शून्य शून्य शून्य कुठं आहे?"

"कुठंच नाही. म्हणून तर ती साइट उघडत नाही."

"आणि पुढं डब्लू डब्लू डब्लू लावलं तर?"

"तर उघडेल. कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळं नाव आहे. म्हणून तीही ओळ लिहायची."

"आणि त्यांनी उद्या नवीन नाव घेतलं तर?"

"तर तीही उघडेल."

तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग मला दिसली की मी तुला सांगते, तू लिही." पुढच्या दोन ओळींसाठीची नावं तिनंच आणून दिली.

या पद्धतीतली खोट तिनं अचूक पकडली होती. होस्ट्स फाइलीला 'या नावाच्या पोटातलं सगळं' असं सांगता येत नाही. प्रत्येक नाव सुटं लिहावं लागतं. सट्टेवाले नावं बदलत राहतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला, तरी परदेशात बसून चालवलेल्या साइट नवनव्या नावांनी डोकं काढतात. ठरावीक दहा-पंधरा साइट बंद करायच्या तर ही फाइल उत्तम. इंटरनेटभरचा गाळ उपसायला ती पुरी पडत नाही.

त्यासाठी डीएनएस. आपण ब्राउझरमध्ये नाव टाकतो, पण जोडणी होते आकड्यांच्या पत्त्याशी, आणि नावावरून आकडा सांगायचं काम डीएनएस सर्व्हर करतो. गावात नवखा माणूस नाक्यावर पत्ता विचारतो तसंच हे. नाक्यावरच्या माणसानं काही घरांचे पत्ते सांगायचे नाहीत असं ठरवलं, तर नवखा तिथं पोचणार नाही. राउटरमध्ये एरवी इंटरनेट कंपनीचा डीएनएस असतो. तिथं १.१.१.३ हा आकडा टाकला की क्लाउडफ्लेअर या कंपनीची कुटुंबांसाठीची सेवा चालू होते. ती प्रौढांसाठीच्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइटचा पत्ता विचारला की ०.०.०.० असं उत्तर देते. सईनं हे शून्य लगेच ओळखलं. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड ही अशीच सेवा, २०८.६७.२२२.१२३ या पत्त्यावर. सट्टा, डेटिंग असे प्रकार निवडून बंद करायचे असतील तर ओपनडीएनएसचं फुकट खातं काढून ते करता येतं. क्लाउडफ्लेअरच्या त्या आकड्यात ही निवड नाही.

राउटरवर बसवण्याचा फायदा असा की घरातलं प्रत्येक यंत्र त्याखाली येतं. पण राउटरचं पान उघडायचा पासवर्ड बहुतेक घरांत अजून कंपनीनं दिलेलाच असतो आणि तो राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. मुलं तो कागद वाचतात. तो पासवर्ड आधी बदला. दुसरं, आपल्याकडच्या जोडण्यांत हल्ली आयपीव्ही६, म्हणजे आकड्यांच्या पत्त्यांची नवी पद्धत, सर्रास चालू असते. लोक जुन्या पद्धतीचा एक आकडा बदलतात, नव्या पद्धतीची खिडकी तशीच उघडी राहते, आणि "तुम्ही लावलेलं चालत नाही" असं म्हणतात. दोन्ही जागा भराव्या लागतात. तिसरं, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' नावाची जागा आहे. तिथं दुसरी सेवा निवडली की ब्राउझर राउटरला न विचारता परस्पर पत्ता काढतो. आणि या सगळ्याच्या वर, शेजाऱ्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

डीएनएसला फक्त साइटचं नाव दिसतं. तिच्यावरचं पान दिसत नाही. म्हणजे यूट्यूब एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. आतला एखादा व्हिडिओ अडवता येत नाही. त्यासाठी यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड वेगळा लावायचा, त्यात कमेंटही दिसेनाशा होतात, आणि मला तर तोच त्याचा मोठा गुण वाटतो. गूगल सर्चचंही तसंच, शोधात येणारं अश्लील गाळणारं सेफसर्च वेगळं लावावं लागतं. हे सगळं केलं की एक चांगली गोष्ट नक्की होते. लहान मूल चुकून, गाण्याचं किंवा कार्टूनचं नाव टाइप करता करता, भलत्या ठिकाणी जाऊन पोचत नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप करायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. आठ वर्षांच्या मुलीला जे दिसायला नको होतं ते एकदा दिसलं की ते कुणालाही पुसता येत नाही.

पण या गाळण्या कुणी तरी दूर बसून केलेल्या याद्यांवर चालतात, हेही आईबाबांना ठाऊक हवं. क्लाउडफ्लेअरनं ही कुटुंबांची सेवा १ एप्रिल २०२० ला सुरू केली, आणि सुरुवातीलाच समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी माहिती आणि आधार देणाऱ्या साइट तिनं बंद करून टाकल्या होत्या. चुकीची यादी उचलली गेली होती. कंपनीनं ती दुरुस्त केली आणि जाहीर माफीही मागितली. पण एखाद्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याला आपल्याबद्दलचा प्रश्न आईबाबांना विचारायची हिंमत होत नाही, त्यानं त्या दिवशी तो प्रश्न टाइप केला असेल तर त्याला काय दिसलं? पान उघडलं नाही. कारणही नाही. आपलं नेट गेलं की आपला प्रश्नच घाणेरडा आहे, हे त्याला कसं कळावं?

हे जुनंच दुखणं आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प या गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातंच काढता येईना, कारण गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चार अक्षरांची एक शिवी बसलेली होती. आपल्याकडे २०१५ च्या जुलैअखेरीस दूरसंचार विभागानं ८५७ साइट बंद करायचा आदेश काढला. त्या यादीत निव्वळ विनोदी मजकुराच्या साइटही निघाल्या, आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच आदेश सैल करावा लागला. सरकारच्या यादीचं हे, तर फुकटात उतरवून घेतलेल्या ॲपच्या यादीचं काय सांगावं?

आपल्या राज्यात दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा धडा आहे. परीक्षेला त्यावर प्रश्न असतो. शब्दांवर चालणाऱ्या कडक गाळण्या नेमके याच धड्यातले शब्द अडवतात. बऱ्याच वर्गांत हा धडा "घरी वाचा" म्हणून उरकला जातो; घरी कुणी बोलत नाही; आणि आता कॉम्प्युटरही गप्प बसतो. पाळी, स्तनांच्या तपासणीची माहिती, वयात येताना होणारे बदल, हे सगळं अडकतं. मुलींचं यात जास्त नुकसान होतं. मी कुणाच्याही घरी गाळणी लावली की हे दोन-चार शब्द टाकून बघते, आणि चांगली माहिती देणाऱ्या साइट उघडतात ना हे तपासल्याशिवाय उठत नाही.

ऑक्सफर्डमधल्या अँड्र्यू शिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश या दोघा संशोधकांनी २०१८ मध्ये युरोपातल्या किशोरवयीन मुलांच्या माहितीवरून एक हिशेब मांडला होता. एका मुलाला अश्लील मजकुरापासून वाचवायचं तर १७ ते ७७ घरांनी गाळणी लावायला हवी, असा. मुलाच्या नजरेला असं काही पडलं की नाही यात गाळणीचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला. मला या आकड्यांनी धक्का वगैरे बसला नाही. कॉलेजात रोज बघते, अडवलेल्या गोष्टीपर्यंत पोचायचं ठरवलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला थांबवणारी यंत्रणा मी तरी पाहिलेली नाही. पण या निष्कर्षावरून "मग कशाला लावायचं?" असं म्हणणं मला पटत नाही. तो हिशेब मोठ्या मुलांचा आहे. सात-आठ वर्षांचं मूल शोधत जात नाही, चुकून जाऊन आदळतं, आणि तिथं गाळणी कामाला येते. माझ्या मते गाळणी लहानपणी घट्ट असावी आणि वयाबरोबर सैल होत जावी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. तीन वर्षांच्या बाळाला जेवताना मोबाइल हातात देतात आणि तो नववीत गेला की सगळीकडून आवळायला निघतात.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत त्या गावानं एक ठरवलं. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, साडेआठला पुन्हा सुरू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा. कोरोनानंतर मुलांचं वाचन-लेखन मागं पडलं होतं, शाळेतून आलं की मुलं मोबाइलला चिकटत होती, त्यातून हे निघालं. त्या वेळी त्याची देशभर, परदेशातही बातमी झाली. सुरुवातीला लोकांनी घरोघरी जाऊन समजावून सांगितलं, मग गावाला सवय लागली.

या भोंग्याबद्दल मला दोन कारणांनी मनापासून आदर वाटतो. तो उघड आहे. अख्ख्या गावाला ऐकू येतो, त्यात लपवाछपवी नाही. आणि तो सगळ्यांना लागू आहे. सात ते साडेआठ म्हणजे मालिकांची वेळ. आई, आजी, आजोबा यांनी आपला टीव्ही बंद केला तेव्हा मुलानं मोबाइल ठेवला. तिथं तंत्रज्ञान म्हणाल तर एक भोंगा. राउटर नाही, ॲप नाही. आणि तरी घराघरात बसवलेल्या महागड्या ॲपपेक्षा तो जास्त चालला, असं मला वाटतं, कारण मुलाला अडवणारे लोक स्वतःही अडून बसले होते.

आता पाळतीबद्दल. बाजारात असली सॉफ्टवेअर भरपूर आहेत. मूल काय टाइप करतं त्याचं प्रत्येक अक्षर नोंदवतात, ठरावीक वेळानं स्क्रीनचा फोटो काढतात, चॅट वाचून आईबाबांच्या मोबाइलवर पाठवतात. जाहिरातीत अभिमानानं लिहिलेलं असतं, मुलाला पत्ता लागणार नाही. अगदी मायक्रोसॉफ्टच्या त्या साध्या सोयीतही आठवड्याचा अहवाल ई-मेलनं येतो, कुठल्या साइट, काय शोधलं, किती वेळ. सईच्या खात्यावर मी गाळणी ठेवली आहे आणि अहवाल बंद केला आहे. तिनं काय शोधलं ते मला वाचायचं नाही. मला माहीत करून घ्यायचं असेल तर मी तिला विचारीन. ती सांगेल किंवा सांगणार नाही. अकराव्या वर्षी काही गोष्टी आईला न सांगण्याचा तिला हक्क आहे असं मी मानते.

माझ्या बोलण्यावर लोक म्हणतात, "उद्या काही झालं म्हणजे?" काही झालं म्हणजे काय, ते नीट डोळ्यांसमोर आणून बघा. कुणी अनोळखी माणूस गेममधल्या चॅटवर मुलीकडे फोटो मागतो. मुलगा सट्ट्यात बाबांच्या खात्यातले पैसे घालवतो. कुणी जुना फोटो दाखवून धमकावतो. अशा वेळी मुलाला वाचवणारी एकच गोष्ट असते, त्याच दिवशी येऊन त्यानं घरात सांगणं. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितके पैसे परत मिळायची शक्यता जास्त. १०९८ ही चाइल्डलाइन मुलांनी स्वतःही फिरवावी अशीच आहे. पण ज्या मुलाला कळलं आहे की घरातले आपलं चोरून वाचतात, ते मूल घरात सांगत नाही. ते दुसरं खातं काढतं, मित्राच्या मोबाइलवर जातं, आणि जिथं आपण पोचू शकत नाही तिथं एकटं पडतं. आणि त्याला कधी ना कधी कळतंच.

आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. त्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला कायद्यानं कंपन्यांना मनाई केली आहे, काही अपवाद सोडून. आईबाप म्हणजे कंपनी नव्हेत, हे मला समजतं. पण कंपन्यांनी जे करू नये म्हणून संसदेनं कायदा केला, तेच आपण आपल्या पोरांच्या बाबतीत करताना दहा वेळा विचार करायला हवा. शिवाय ते चॅट, ते फोटो आपल्या मोबाइलवर यायच्या आधी कुणाच्या सर्व्हरवरून येतात, हाही प्रश्न आहेच. मुलाच्या काळजीपोटी त्याचं सगळं खासगी आयुष्य आपण एका अनोळखी कंपनीच्या हवाली करतो.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे दादा मागच्या महिन्यात आले होते. मुलगा नववीत. "वहिनी, तेवढं त्याच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बसवून द्या. तो क्लासला गेला की या. त्याला कळू देऊ नका." मी म्हटलं, बसवते, पण तो घरात असताना, त्याच्या शेजारी बसून. दादांना ते पटलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मध्ये पडून रविवार ठरवला.

रविवारी मुलगा हाताची घडी घालून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. काय बंद होणार, कसं होणार, काय बंद होणार नाही, आणि तो काय बघतो हे कुणीही वाचणार नाही. पहिली दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, डिस्कॉर्ड हे चॅटचं ॲप बंद होणार का? नाही होणार, असं ठरलं, फक्त अनोळखी लोकांचे मेसेज बंद करायचे. एक गेमची साइट बाबांनी बंद करायला सांगितली, त्यावर वाद झाला. परीक्षा संपेपर्यंत बंद आणि मग चालू, यावर दोघं आले. एखादी साइट विनाकारण अडली असं वाटलं तर त्यानं कुणाला सांगायचं? बाबांना नको, आईला सांगीन, असं तो म्हणाला. दादांना ते लागलं, पण त्यांनी मान हलवली.

मग त्यानं विचारलं, "काकू, हे राउटरवर लावलं की पप्पांच्या मोबाइललाही लागू होणार ना?"

"घरातल्या वाय-फायवर असेपर्यंत, हो. सगळ्यांच्या."

दादा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "लावा की मग. आमचं काय अडतंय?"

"लावा," दादा म्हणाले.

राउटरचा पासवर्ड आधी बदलला. तो दादांनी टाकला तेव्हा मुलानं आपण होऊन तोंड फिरवलं. १.१.१.३ मी भरला. आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता मी कागदावर लिहून आणला होता. तो मुलानं हातात घेतला आणि मला एकेक अक्षर वाचून दाखवलं, एका ठिकाणी माझं एक शून्य राहिलं होतं ते त्यानंच सांगितलं.